पदव्या विकल्या म्हणून रयत वाचली?

गोदातीर: 'राजांनी पदव्या विकल्या म्हणून गरिबांवरचा कर टळला', असं कालच्या धाग्यात कुणीतरी ठोकून दिलंय. साफ चूक! १६९६ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईने सरदारकीची ५०० पत्रं प्रत्येकी ६,००० लिव्ह्रला (तिथलं तेव्हाचं चलन) विकायला काढली. सरदार झाला की 'ताय' कर माफ. पण ताय गावावर ठोक बसायचा, मग घरोघर वाटणी. गावातला सधन माणूस सुटला की त्याचा वाटा शेजाऱ्यांच्या डोक्यावर.

टाकसाळ्या: फ्रान्स म्हणजे युरोप नव्हे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स बघा: १६१० मध्ये त्याचा पार्लमेंटशी वर्षाला दोन लाख पौंडांचा सौदा फिसकटला आणि पुढच्याच वर्षी त्याने 'बॅरोनेट' ही वंशपरंपरागत पदवी विकायला काढली. दर १,०९५ पौंड, म्हणजे अल्स्टरमधल्या (उत्तर आयर्लंड) ३० शिपायांचा तीन वर्षांचा खर्च: प्रत्येकी रोजी ८ पेन्स, दिवसाला बरोबर एक पौंड. भरणा तीन हप्त्यांत. करमाफी नाही, पार्लमेंटच्या वरच्या सभागृहात, लॉर्ड्समध्ये, जागाही नाही. यात रयतेचं काय गेलं?

गोदातीर: १६२२ पर्यंत बॅरोनेटचा भाव सव्वादोनशे पौंडांच्या आसपास घसरला, ते का गाळलंत? मग १६३० पासून जेम्सचा मुलगा चार्ल्स याने उलटा मार्ग धरला: पदवी न घेणाऱ्यालाच दंड. जमिनीचं उत्पन्न ४० पौंड असूनही राज्याभिषेकाला 'नाइट' ही पदवी घ्यायला आला नाहीत, भरा दंड! १६४१ मध्ये पार्लमेंटने ते मोडून काढलं.

फडनीस: दोघंही पदव्यांत अडकलात. खरा पैसा राजा विकायचा त्या सरकारी हुद्द्यांत होता. फ्रान्समध्ये हुद्दा दुसऱ्याच्या नावे केल्यावर ४० दिवसांत मालक मेला तर तो राजाकडे परत जायचा. १६०४ पासून हुद्द्याच्या ठरलेल्या किमतीचा साठावा हिस्सा दरसाल भरला की ही अट सुटायची, हुद्दा घरात राहायचा. हाच 'पॉलेट'.

टाकसाळ्या: म्हणजे दरसाल हमखास उत्पन्न. माझंच म्हणणं झालं.

फडनीस: नाही झालं! पॉलेटची मुदत ठरावीक वर्षांची. १६४८ मध्ये नूतनीकरणाच्या बदल्यात सरकारने वरिष्ठ न्यायालयांतल्या हुद्देदारांना चार वर्षांचा पगार सोडायला सांगितलं. पॅरिसच्या पार्लमाँला (हे वरिष्ठ न्यायालय, इंग्लंडसारखं पार्लमेंट नव्हे) त्यातून वगळलं होतं, तरी ते इतर न्यायालयांना जाऊन मिळालं आणि राजसत्तेविरुद्ध 'फ्राँद'चं बंड पेटलं. हुद्दा विकत दिलेला, काढायचा तर पैसे परत करा. ते कुठून आणणार?

टाकसाळ्या: बरं, हुद्द्यांचं मान्य. पण गोदातीर, तुमचा शेजाऱ्यांचा मुद्दा सगळ्या फ्रान्सला लावू नका. दक्षिण फ्रान्समधल्या लांगदोक प्रांतात ताय जमिनीवर होता, माणसावर नाही. जमीन सरदारी नसून रयतेच्या वर्गातली असेल तर सरदारालाही भरावा लागे.

गोदातीर: लांगदोक सोडतो. ताय माणसावर बसायचा त्या उत्तरेकडच्या गावांचं उत्तर द्या.