शब्दचर्चा : आक्रमण, हमला, बलप्रयोग आणि आपली ‘पोलीस ॲक्शन’

परभणीहून प्रश्न

नमस्कार मंडळी. मी परभणीत वकिली करते. सतरा सप्टेंबरच्या आठवड्यात आमच्या वकील संघात ज्युनिअर मुलामुलींसाठी मराठीतून व्याख्यान द्यायचं कबूल करून बसले आहे. विषय मीच निवडला : एका देशानं दुसऱ्या देशात सैन्य घातलं तर कायदा त्याला काय म्हणतो? निमित्त युक्रेनचं. २५ जून २०२५ रोजी स्ट्रासबर्गला युक्रेन आणि युरोप परिषद यांनी करार करून नेमक्या याच गुन्ह्यासाठी खास न्यायाधिकरण नेमायचं ठरवलं. त्याची गरज का पडली, तर हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय या एका गुन्ह्यासाठी रशियाच्या नेत्यांना हात लावू शकत नाही. रशिया त्या न्यायालयाच्या कराराचा सदस्य नाही, आणि आरोपीचा देश सदस्य असायला हवा ही बाकी गुन्ह्यांना नसलेली अट या गुन्ह्याला मुद्दाम घातलेली आहे.

टिपणं काढायला घेतली आणि पहिल्याच पानावर अडले. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत तीन जागी तीन शब्द आहेत. कलम २(४) मध्ये ‘यूज ऑफ फोर्स’, कलम ५१ मध्ये ‘आर्म्ड अटॅक’, कलम ३९ मध्ये ‘ॲक्ट ऑफ ॲग्रेशन’. आपल्या वर्तमानपत्रांत तिन्हींना कधी ‘आक्रमण’, कधी ‘हल्ला’. पण परिणाम वेगळे आहेत. पहिल्याला सरसकट बंदी आहे. दुसरा झाला तरच स्वसंरक्षणाचा हक्क जागा होतो. तिसरा झाला की नाही हे सुरक्षा परिषद ठरवते, आणि फौजदारी न्यायालयात तोच नेत्यांच्या डोक्यावर बसणारा गुन्हा आहे. निकाराग्वा विरुद्ध अमेरिका खटल्याच्या २७ जून १९८६ च्या निकालात आंतरराष्ट्रीय न्यायालयानं म्हटलं की दुसऱ्या देशातल्या बंडखोरांना शस्त्रं पुरवणं हे पहिल्या प्रकारात येऊ शकतं, दुसऱ्या प्रकारात येत नाही. मराठीत दोन्हीकडे ‘आक्रमण’ लिहिलं तर हे वाक्यच उभं राहत नाही.

दुसरा प्रश्न घरचा आहे. माझी आजी काळ मोजायची तो ‘रझाकारीत’ आणि ‘ॲक्शनच्या साली’ असा. ‘ॲक्शनच्या साली तुझा बाप रांगत होता’ असं म्हणायची. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत निजामाच्या हैदराबाद संस्थानात भारताचं सैन्य आलं, रणगाडे आले, पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. मग ‘पोलीस ॲक्शन’ या नावात हे ‘पोलीस’ कुठून आले? मुलं हा प्रश्न विचारणारच. शब्द सुचवा.

लातूरहून

मॅडम, मी कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या रोजच्या कागदांत आहे. दंडसंहितेचं कलम ३५३ आठवा, आता न्यायसंहितेत ते १३२ आहे. सरकारी माणसाला अडवल्याचे गुन्हे त्याखाली दाखल होतात. मराठीत त्याची भाषा आहे ‘हमला किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग’. म्हणजे ‘फोर्स’ला बलप्रयोग हा शब्द कायद्याच्या मराठीत मुरलेला आहे, आणि हमला त्याहून वेगळा ठेवलेला आहे. तुमच्या ज्युनिअरांना हे दोन्ही शब्द जामीन अर्जांमुळे तोंडपाठ असतील. नवं काही घडवायला जाऊ नका.

माझी शिफारस : बलप्रयोग, सशस्त्र हमला, आक्रमण. ‘हल्ला’ चुकीचा नाही, पण बातमीत भटक्या कुत्र्याचाही हल्लाच असतो. आपल्याकडे उर्दूतले जुने कागद हाताळलेल्या पिढीला हमला परका वाटणार नाही.

आणि ‘आक्रमण’ला ‘अतिक्रमण’ची जोड लागू देऊ नका. गायरानाच्या इतक्या फायली पाहिल्यात की हा घोळ मला आधीच दिसतोय. अतिक्रमण हटवता येतं, पंचनामा करून मोजता येतं.

छत्रपती संभाजीनगरहून

ताई, मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. काकांचं ‘बलप्रयोग’ एकदम पटलं. थोडी भर घालतो. हा गोंधळ मराठीचा एकटीचा नाही. सनदेची चिनी, फ्रेंच, रशियन, इंग्रजी आणि स्पॅनिश अशी पाच रूपं सारखीच अधिकृत आहेत, कलम १११ मध्ये तसं लिहिलंय. त्यातल्या फ्रेंच रूपात कलम ५१ ला ‘आग्रेसियाँ आर्मे’ म्हटलंय. म्हणजे इंग्रजीत जिथं ‘अटॅक’ आहे तिथं फ्रेंचमध्ये थेट ‘आक्रमण’, आणि कलम ३९ मध्येही तोच शब्द.

‘युद्ध’ हा शब्द बंदीच्या कलमात का नाही, तेही मुलांना सांगा. १९२८ च्या पॅरिस करारानं ‘युद्धा’चा त्याग केला होता. मग देशांनी लढायचं चालू ठेवलं आणि त्याला युद्ध म्हणायचं सोडलं. १९३१ मध्ये जपाननं मांचुरिया घेतला, नाव दिलं ‘घटना’. त्या अनुभवावरून १९४५ मध्ये सनद लिहिणाऱ्यांनी कलम २(४) मध्ये नावाला धरलंच नाही, बळाला धरलं. म्हणून २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं ‘विशेष लष्करी मोहीम’ म्हटलं तरी कलमाला फरक पडत नाही. २ मार्चला आमसभेनं १४१ मतांनी त्याला ‘ॲग्रेशन’ म्हटलं. विरोधात ५, तटस्थ ३५, आणि भारत तटस्थांत होता.

नांदेडहून

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. परभणीच्या ताईंचा दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो, कारण पोलीस ॲक्शन हा आपल्या अंगणातला शब्द आणि त्याची मुळं मात्र थेट या कायद्यात गेलेली.

त्या काळात हा शब्द जगात चलनात होता. २१ जुलै १९४७ ला डचांनी इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकावर फौजा घातल्या आणि त्याला ‘पोलिसी कारवाई’ म्हटलं. त्यांचा अर्थ असा की हा आमच्या घरातला बंदोबस्त आहे, बाहेरच्यांनी बोलू नये. ३० जुलैला तो विषय सुरक्षा परिषदेत कोणी नेला? ऑस्ट्रेलियानं आणि भारतानं. स्वातंत्र्याला अजून सोळा दिवस बाकी होते. पुढं जून १९५० मध्ये कोरियाच्या लढाईला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणावं का, असं एका पत्रकारानं विचारलं आणि ट्रूमननी हो म्हटलं. या दोन्हींच्या मधल्या सप्टेंबरात आपलं १९४८ येतं. ज्या नावावर आपण डचांना हटकलं तेच नाव वर्षभरात आपल्याकडेही वापरात आलं, हे व्याख्यानात लपवू नका. मुलांना ते कळायला हवं.

पण दोन्ही प्रसंग एका मापाचे नाहीत, हेही तेवढंच ठासून सांगा. त्यासाठी दुसरा एक शब्द तपासा : ‘संस्थान’. २१ ऑगस्ट १९४८ ला हैदराबादनं सुरक्षा परिषदेकडे तक्रार पाठवली, १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये ती चर्चेला आली. सनदेच्या कलम ३५(२) प्रमाणे सदस्य नसलेलं ‘स्टेट’सुद्धा आपला तंटा परिषदेपुढे नेऊ शकतं. भारताच्या वतीनं रामस्वामी मुदलियार उभे राहिले आणि त्यांचा मुद्दा एवढाच होता की हैदराबाद हे त्या अर्थानं ‘स्टेट’च नाही. परिषदेनं आपल्या अधिकाराचा प्रश्न खुला ठेवून विषय पत्रिकेवर घेतला. दुसऱ्या दिवशी हैदराबाद शरण आलं, २२ सप्टेंबरला निजामानं तार करून तक्रार मागं घेतली.

आता शब्दाची गंमत नव्हे, शब्दाचं वजन पाहा. इंग्रजीत ‘प्रिन्सली स्टेट’ म्हटलं की ‘स्टेट’ त्यात आहेच, मग ते नाही असं पटवून द्यावं लागतं. मराठीत ‘हैदराबाद संस्थान’ म्हणताक्षणी खटला भारताच्या बाजूनं निम्मा निकाली निघतो. मराठीत कोणी ‘हैदराबाद देश’ म्हणत नव्हतं. तेव्हा कलम ३५ शिकवताना ‘राज्य’ लिहू नका, नाहीतर मुलांच्या डोक्यात महाराष्ट्र राज्य येईल. ‘राज्यसंस्था’ लिहा, आणि संस्थान व राज्यसंस्था हे शब्द फळ्यावर शेजारी शेजारी ठेवा.

एक शब्द मात्र आपल्याला अस्सल मिळालाय. भारत आणि निजाम यांच्यातला २९ नोव्हेंबर १९४७ चा ‘स्टँडस्टिल’ करार. आपण त्याला ‘जैसे थे करार’ म्हणतो. खंडपीठात रोज ‘जैसे थे’चे आदेश मागणाऱ्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही.

उदगीरहून

सलाम. आमच्या घरातही ‘पोलीस ॲक्शन’च म्हणत, फक्त आवाज खाली घेऊन. उर्दूत लिहिणारे ‘सुकूत-ए-हैदराबाद’ म्हणतात, म्हणजे हैदराबादचं पडणं. मराठीत मुक्ती, उर्दूत सुकूत, आणि दोन्ही घरांत चालणारा शब्द मात्र तो इंग्रजीच. आमचं उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यात होतं. रझाकारांनी गावंच्या गावं जाळली हे आमचे आजोबाही सांगायचे, ते नाकारायचे नाहीत. त्यानंतर साध्या मुसलमान कुळांवर जे आलं, ते पाहायला सरकारनं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाठवलं होतं. त्यांच्या अहवालात उस्मानाबाद, नांदेड, गुलबर्गा, बीदर हे सगळ्यात जास्त सोसलेले जिल्हे आहेत. तो अहवाल कित्येक दशकं छापला गेला नाही.

माझा प्रश्न शब्दाचाच आहे. पोलीस कारवाई म्हटलं की मेलेल्याला काय म्हणायचं? युद्धात मेला म्हणता येत नाही, गुन्ह्यात मेला अशी फिर्याद नाही. लई वर्षं हे मनात आहे.

परभणीहून

उदगीरच्या भाईजान, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि मग व्याख्यानाची मांडणीच बदलली. याचं उत्तर कायद्यानं शोधलं, पण आपल्याला वर्षभर उशीर झाला. १२ ऑगस्ट १९४९ ला जिनिव्हाचे चार करार झाले. त्यांचं सामाईक कलम २ सांगतं की युद्ध जाहीर झालेलं असो वा नसो, एखादा पक्ष ते युद्ध मानो वा न मानो, सशस्त्र संघर्ष असला की करार लागू. देशाच्या आतल्या संघर्षासाठी सामाईक कलम ३ आहे : ज्यानं शस्त्र धरलं नाही किंवा खाली ठेवलं, त्याला माणुसकीनं वागवायचं, धर्मावरून भेद करायचा नाही. म्हणून ‘सशस्त्र संघर्ष’ हा शब्द मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तो कोण बरोबर हे विचारत नाही, कोण मेलं ते विचारतो. तुमच्या कुळांची नोंद त्या शब्दाखाली व्हायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

सरांचं ‘राज्यसंस्था’ आणि लातूरच्या काकांचा ‘बलप्रयोग’ घेतला. ‘सशस्त्र हमला’ही घेतला. ‘आक्रमण’ फक्त १४ डिसेंबर १९७४ च्या आमसभेच्या व्याख्येसाठी आणि फौजदारी न्यायालयाच्या करारात कंपाला इथं २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीसाठी राखून ठेवणार. ‘मुक्तिसंग्राम’ हा शब्द त्या पाच दिवसांना लावणार नाही. तो १९३८ च्या सत्याग्रहापासून तुरुंगात गेलेल्या, सरहद्दीवरच्या कॅम्पांत राहिलेल्या लोकांचा आहे, सैन्याच्या मोहिमेचं ते नाव नव्हे. पाच दिवसांना फळ्यावर ‘लष्करी कारवाई’ लिहीन आणि खाली ‘पोलीस ॲक्शन’ अवतरणात, म्हणजे लोक काय म्हणत आले तेही राहील.

एक शेवटचा अडसर. कंपालाच्या व्याख्येत प्रत्येक आक्रमण गुन्हा ठरत नाही. त्याचं स्वरूप, गांभीर्य आणि व्याप्ती पाहता ते सनदेचं ‘मॅनिफेस्ट’ उल्लंघन असावं लागतं. ‘स्पष्ट’ फिकं वाटतं, ‘उघड’ म्हटलं तर लपूनछपून केलेलं सुटतं. ‘सकृतदर्शनी’ तर मुळीच नको, तो ‘प्रायमा फेसी’ला दिलेला आहे, मुलं तिथं हमखास घसरतील.

लातूरहून

धडधडीत. ‘सनदेचं धडधडीत उल्लंघन.’ उलटतपासणीत साक्षीदाराला आपण ‘धडधडीत खोटं बोलताय’ म्हणतो, तोच.

परभणीहून

लिहून घेतला.