ऑस्बोर्न फक्त घोषणेमुळे बुडाली?

'नव्या मॉडेलची घोषणा वेळेआधी केली आणि जुन्याची विक्री थांबली म्हणून ऑस्बोर्न ही संगणक कंपनी बुडाली' असं म्हटलं जातं; हे मत मला अपुरं वाटतं. १९८१चा ऑस्बोर्न-१ हा उचलून नेता येणारा संगणक म्हणजे ११ किलोचं धूड, पडदा जेमतेम पाच इंची. पण १,७९५ डॉलरमध्ये वर्डस्टार (लेखनासाठी), सुपरकॅल्क (हिशेबाच्या तक्त्यांसाठी) या सॉफ्टवेअरसकट सगळं हातात पडायचं. केवढी मोठी कल्पना होती ही! पुढच्याच वर्षी केप्रो या प्रतिस्पर्धी संगणकाने साधारण तेवढ्याच पैशांत नऊ इंची पडदा दिला आणि गिऱ्हाईक तिकडे वळू लागलं. शिवाय आयबीएम पीसीचं सॉफ्टवेअर ऑस्बोर्नवर चालत नव्हतं. सप्टेंबर १९८३मध्ये दिवाळखोरी. घोषणेचा घाव बसला खरा, पण मुळं आधीच पोखरली होती.

कंपनीचे संस्थापक अ‍ॅडम ऑस्बोर्न यांचं बालपण तमिळनाडूत गेलं, २००३मध्ये कोडाईकनालला ते वारले. आपल्याकडे त्यांची आठवण फारशी निघत नाही, याचं वाईट वाटतं.