पद्मिनीत ब्लूटूथ हवं, पण डॅशवर जुनाच रेडिओ दिसला पाहिजे

कॉलम_गिअर

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७६. बारा व्होल्ट, चार्जिंग अजून डायनॅमोवरच (जुन्या पद्धतीचा जनरेटर). डॅशमध्ये दोन नॉबचा मीडियम वेव्ह रेडिओ आहे. डायलचा दिवा लागतो, आवाज मात्र येत नाही. फोनवरून ब्लूटूथने गाणी लागावीत आणि काचा उघड्या असतानाही शब्द कळावेत, एवढीच अपेक्षा. धडधडणारा बास नको.

अटी तीन. डॅश कापायचा नाही, दरवाजांना भोकं पाडायची नाहीत, आणि पुढेमागे सगळं काढलं तर गाडी होती तशी दिसली पाहिजे. गॅरेजवाल्यांचं उत्तर एकच: नवीन स्टिरिओ बसवा. त्याला १८२ बाय ५३ मिलिमीटरची खाच लागते, म्हणजे कापाकापी आलीच.

रेडिओच्या आत काय करता येईल, डायनॅमोला हे झेपेल का, आणि स्पीकर कुठे लपवावेत, हे सांगा.

मिलिअँप

आधी डायनॅमो. बाकीचं सगळं त्यावर ठरतं.

या काळातले डायनॅमो साधारण २०-२२ अँपिअरचे, तेही इंजिन चांगलं फिरत असताना. आयडलला चार्जिंग जवळजवळ शून्य. सिग्नलला लाल दिवा मिणमिणतो तो त्यामुळेच. आता रात्री पावसातला हिशोब करा. डिपरवर दोन हेडलाइट ८० वॅट, टेल, पार्किंग, नंबरप्लेट आणि मीटरचे दिवे मिळून तीसेक वॅट, म्हणजे साडेआठ अँपिअर. इग्निशन कॉइल ३ ते ४, वायपर ३. झाले पंधरा. ब्रेक दाबलात की आणखी तीन. ऑडिओला उरतात जेमतेम चार.

म्हणून अँप (अँप्लिफायर) क्लास डीचाच, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा, घ्या, चार चॅनल, चॅनलला ४० वॅटच्या आसपास. बऱ्यापैकी मोठ्या आवाजात गाणी वाजत असताना तो सरासरी ३ अँपिअर ओढतो. क्लास एबीचा तेवढ्याच आवाजाला दुप्पट खातो आणि उरलेली वीज उष्णतेत घालवतो. खोक्यावर ‘२००० वॅट’ लिहिलेलं असलं तर फ्यूज बघा. फ्यूज २० अँपिअरचा असेल तर सतत २०० वॅटपेक्षा जास्त निघणं शक्यच नाही.

काम सुरू करण्याआधी बॅटरीवर मीटर लावा. इंजिन वेगात, हेडलाइट चालू, तरी १३ व्होल्ट दिसले पाहिजेत. नसतील तर आधी डायनॅमोचे ब्रश, पट्ट्याचा ताण आणि रेग्युलेटरचे पॉइंट बघून घ्या, अँपचं नंतर. बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे तेही तपासा. पद्मिनीत निगेटिव्ह असायला हवं, पण पन्नास वर्षांत किती वायरमन हात मारून गेले असतील सांगता येत नाही. हा धागा वाचणाऱ्या जुन्या मॉरिस घराण्यातल्या गाडीवाल्यांनी तर नक्कीच बघावं. त्यातल्या बऱ्याच पॉझिटिव्ह अर्थच्या असतात आणि आजचा अँप त्यांत सरळ जोडला की गेलाच.

तपकीर_गल्ली

रेडिओ वाजवायच्या भानगडीत पडू नका. तो फक्त नॉबचं काम करू दे.

रेडिओ बाहेर काढून उजेडात उघडा. एका नॉबमागे व्हॉल्यूमचा पॉट (आवाज कमीजास्त करणारा फिरता रेझिस्टर) असतो आणि त्यालाच मागे ऑन-ऑफचा स्विच चिकटलेला असतो. तो पॉट मोनोचा, शिवाय बहुधा झिजून खरखर करणारा. तो काढून दोन गँगचा (एकाच दांड्यावर डाव्या-उजव्याचे दोन पॉट) १० किलोओहमचा लॉग पॉट घाला, स्विचसकट. पॉटवर ‘ए१०के’ लिहिलेलं असतं. ‘बी’ असेल तर तो लीनिअर. तो घातला तर नॉब जरा फिरवताच आवाज एकदम चढतो आणि पुढचा सगळा फेरा फुकट जातो. दांडा ६ मिलिमीटरचा आहे का, लांबी जुन्या दांड्याएवढी आहे का, ते मोजून मगच दुकानात जा. जुना पॉट पिशवीत घालून डिकीत जपून ठेवा. दांड्यात दांडा असेल, म्हणजे बाहेरच्या कड्याने टोन बदलत असेल, तर हे जमत नाही. मग जुना पॉट तसाच ठेवून फक्त त्याचा स्विच वापरा आणि आवाज फोनवरून कमीजास्त करा.

जोडणी: ब्लूटूथ रिसीव्हरचे डावे-उजवे आउटपुट पॉटच्या बाहेरच्या टोकांना, मधली टोकं शील्डेड वायरने अँपच्या इनपुटला, तिसरी टोकं सिग्नलच्या ग्राउंडला. हे ग्राउंड रेडिओच्या पत्र्याला लावू नका.

पॉटच्या स्विचवर थेट लोड नको. त्याने छोटा रिले (विजेने चालणारा स्विच; पुढचे आकडे त्याच्या टोकांचे) चालवा. ८६ ला स्विचमधून येणारे बारा व्होल्ट, ८५ अर्थ, ३० ला फ्यूजमधून सप्लाय, ८७ वरून रिसीव्हर आणि अँपची रिमोट (अँप चालू करणारी) वायर. कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा, पट्टीचं टोक ८६ कडे. स्विचला सप्लाय इग्निशनच्या फ्यूजवरून द्या, म्हणजे चावी काढली की सगळं बंद. रिसीव्हर कायम चालू राहिला तर २५-३० मिलिअँपिअर खातो, महिनाभर उभ्या गाडीत वीसेक अँपिअर-तास. म्हणजे अर्धी बॅटरी.

रिसीव्हर रेडिओच्या पेटीत ठेवू नका. चारी बाजूंनी पत्रा, सिग्नल आत पोचत नाही आणि गाणं तुटत राहतं. डॅशखाली मोकळ्या जागेत प्लास्टिकच्या डबीत बांधा.

जुना_व्हॉल्व्ह

वरचा उपाय चालेल, पण चालू होण्यासारखा रेडिओ नुसता मुखवटा करून टाकणं मला पटत नाही. दिवा लागतो आणि आवाज नाही, यात नव्वद टक्के वेळा कोरडे पडलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, नाहीतर तुटलेली स्पीकरची वायर निघते. ते बदलून रेडिओ वाजला, तर ब्लूटूथचा सिग्नल त्याच्याच व्हॉल्यूम पॉटच्या वरच्या टोकाला देता येतो. डावा-उजवा प्रत्येकी ४.७ किलोओहममधून एकत्र करायचा, पुढे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि डिटेक्टरकडून (रेडिओच्या सिग्नलमधून आवाज वेगळा काढणारा भाग) येणारी वायर छोट्या स्विचने तोडायची, नाहीतर गाण्यामागे खरखर येत राहते. आवाज मोनो, ३ ते ५ वॅट. तेवढ्यात शहरात बंद काचेत छान ऐकू येतं.

दोन गोष्टी सांभाळा. आउटपुटला एडी१४९ सारखे जर्मेनियम ट्रान्झिस्टर असतील तर पेटीची निगेटिव्ह-पॉझिटिव्ह बाजू आधी तपासा. अशा काही रेडिओंत चासी पॉझिटिव्हची असते. आणि स्पीकर न लावता रेडिओ कधीही चालू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटमध्ये ट्रान्झिस्टर त्यानेच जातात.

तपकीर_गल्ली

मान्य, पण त्यांना काचा उघड्या ठेवून शब्द कळायला हवेत. पाच वॅट मोनो त्याला पुरणार नाही.

डिकीतला_पाना

स्पीकर आणि वायरिंगचं सांगतो.

सगळ्यात सोपी जागा मागच्या काचेखालचं शेल्फ. मूळ शेल्फला हात लावू नका. पुठ्ठ्याचा साचा कापून त्याच मापाचं १२ मिलिमीटर मरीन प्लायचं दुसरं शेल्फ करा. त्यात ६ बाय ९ इंचांचे ओव्हल दोन. खालच्या पत्र्याला मूळचं भोक नसेल तर मॅग्नेट खाली जाणार नाही. मग प्लायवरच उंचवटा करून कमी खोलीचे ६ इंची घ्यावेत. वरून गाडीच्या रंगाचं ग्रिलचं कापड ताणून लावा. साधं रेक्झिन लावलंत तर उंच सूर आतच राहतात, आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. कोन पॉलिप्रॉपिलिनचे घ्या. मागच्या काचेतून येणाऱ्या उन्हात कागदी कोन फार टिकत नाहीत.

मागचे स्पीकर फक्त भरावासाठी. शब्द कळायला पुढे आवाज हवाच. डॅशखाली पायाच्या बाजूला, दोन्हीकडे, ४ इंची स्पीकर छोट्या बंद पेटीत, ड्रायव्हरच्या गुडघ्याकडे नाही तर समोरच्या सीटच्या मध्याकडे तोंड करून. पेटी आधीच्या स्क्रूंवर पट्टीने टांगा. क्लच दाबताना बूट अडकत नाही ना, ते बसून बघा. अँपमध्ये पुढच्या जोडीला १२० हर्ट्झचा हाय-पास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) लावा, नाहीतर छोटे कोन फडफडतात.

जुन्या गाड्यांत स्पीकरची एक वायर बॉडीला अर्थ केलेली सापडते. ती नव्या अँपला चालत नाही. आजच्या अँपच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. त्यातली एक पत्र्याला टेकली तर अँप प्रोटेक्शनमध्ये जातो, नशीब वाईट असेल तर कायमचा. जुन्या वायरी तशाच सोडून प्रत्येक स्पीकरला नव्या दोन-दोन ओढा.

अँप डिकीत. बॅटरीपासून ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, टर्मिनलपासून १५-२० सेंटिमीटरच्या आत २० अँपिअरचा फ्यूज. चार मीटरमध्ये २० अँपिअरला पाव व्होल्ट पडतो, ते चालतं. २.५ च्या वायरीत अर्ध्या व्होल्टच्या वर पडतो. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) आधीच्या भोकातूनच जा आणि रबरी ग्रोमेट घाला. पत्र्याची कड वर्षभरात इन्सुलेशन कापते, आणि फ्यूज नसेल तर गाडी पेटते. अर्थसाठी डिकीत आधीचाच एखादा बोल्ट धरा, खालचा रंग खरवडून स्टार वॉशर घाला, वरून ग्रीस.

कॉलम_गिअर

धन्यवाद. नॉबवाला मार्ग धरतो, रेडिओची मूळ सर्किट न कापता. इंजिन चालू केल्यावर शिट्टी आली तर कुठून शोधायला लागावं?

मिलिअँप

आवाज ऐका. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी डायनॅमोची. वेगाबरोबर जलद होणारी टिकटिक इग्निशनची.

मग अँपच्या इनपुटच्या पिना काढा. आवाज तरीही आला तर तो सप्लायमधून येतोय. थांबला तर सिग्नलच्या बाजूने. ब्लूटूथ गाडीत हे दुसरंच जास्त दिसतं, कारण रिसीव्हर आणि अँप एकाच बॅटरीवर आणि अर्थ दोन वेगळ्या ठिकाणी. रिसीव्हरला आयसोलेटेड (इनपुट-आउटपुटचे अर्थ वेगळे ठेवणाऱ्या) कन्व्हर्टरवरून ५ व्होल्ट द्या, शिट्टी बहुतेक तिथेच जाते. बाजारात सहज मिळणारा बी१२०५एस मात्र घेऊ नका. त्याला इनपुट बारा व्होल्टच्या दहा टक्के वरखालीच चालतं आणि चार्जिंगच्या वेळी गाडी त्याच्या वर जाते. ९ ते १८ व्होल्ट इनपुटचा मागा.

डायनॅमोसाठी १ मायक्रोफॅरडचा सप्रेशन कपॅसिटर जाड वायरच्या टर्मिनलला आणि बॉडीला लावा. फील्डच्या बारीक वायरीला चुकूनही नाही, रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. तसाच दुसरा इग्निशन कॉइलच्या सप्लायच्या टोकाला. डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टोकाला नाही, तिथे आधीच कंडेन्सर आहे आणि त्यात भर पडली की स्पार्क मंदावतो. टिकटिक उरलीच तर ५ किलोओहमच्या प्लग कॅप.