लो-फाय आउटसायडर अल्बम: गंमत खरखरीत आहे की आणखी कशात?

अर्धासूर: गायक डॅनियल जॉन्स्टनचा 'हाय, हाऊ आर यू' (१९८३) आणि द शॅग्ज या बहिणींच्या बँडचा 'फिलॉसॉफी ऑफ द वर्ल्ड' (१९६९) पाठोपाठ ऐकले. सूर-ताल जागोजागी धडपडतात, तरी अर्ध्यावर बंद करवत नाही. मग स्वतःच्या स्वच्छ रेकॉर्ड केलेल्या गिटार-गाण्यावर टेपच्या खरखरीचा प्लगइन (संगणकावर आवाजाला इफेक्ट देणारं जोड-सॉफ्टवेअर) चढवला, तर ते नुसतं मळकट वाटतं. काय चुकतंय?

शेवटचा_ट्रॅक: आधी एक गल्लत दूर करू. लो-फाय (साध्या साधनांवरचं खरखरीत रेकॉर्डिंग) आणि आउटसायडर (संगीताच्या रूढ चौकटीबाहेरचा कलाकार) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शॅग्जचा अल्बम चांगल्या स्टुडिओत मुद्रित झालाय, खरखर जवळजवळ नाहीच. उलट ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का' (१९८२) चार ट्रॅकच्या (एका कॅसेटवर चार आवाज वेगवेगळे घेणाऱ्या) रेकॉर्डरवरचा, पण गाणारा मुरलेला व्यावसायिक. जॉन्स्टनकडे दोन्ही एकत्र आहे, म्हणून श्रेय खरखरीला जातं.

शॅग्ज हेडफोन लावून ऐका. ड्रम आपल्या वाटेने जातात, गिटार आपल्या. पण गिटार आणि गळा बघा: ओळीतला जवळजवळ प्रत्येक सूर गिटार गळ्याबरोबरच वाजवते, शब्द लांबला की तीही लांबते. म्हणजे नियम आहे, फक्त तो मात्रांचा नाही, बोलण्याचा आहे. कान तो नियम शोधत बसतो, म्हणून बंद करवत नाही. मुद्दाम वाईट वाजवणाऱ्यांना हे साधत नाही, कारण त्यांच्या चुका दर वेळी वेगळ्या असतात. इथे 'चूक' ठाम आहे.

हेडसफाई: तांत्रिक बाजू माझ्याकडून. साध्या टेपरेकॉर्डरच्या आतल्या माइकला आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारं सर्किट असतं. गायक मोठ्याने गायला की ते सगळंच दाबतं. श्वास घ्यायला थांबला की पातळी वर चढते आणि खोलीचा आवाज, मोटरची घरघर पुढे येते. म्हणजे खरखर गाण्याबरोबर श्वास घेते. तुमच्या प्लगइनची खरखर एकाच पातळीवर पसरलेली असणार, म्हणून ती वरून टाकलेल्या चादरीसारखी वाटते.

क्रम बदला. खरखर आणि खोलीचा आवाज आधी मिसळा, कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा इफेक्ट) त्यानंतर. रेशो (दाबाचं प्रमाण) १०:१ च्या आसपास, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) ५ मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) एक ते दोन सेकंद, आणि थ्रेशोल्ड (दाब सुरू होण्याची पातळी) इतका खाली की जोरकस ओळीला १०-१२ डेसिबल दाब पडेल. मग साधारण १२० हर्ट्झच्या खालचं आणि ८ किलोहर्ट्झच्या वरचं कापा. शेवटी मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज). रिलीज १०० मिलिसेकंदांवर ठेवलात तर पंपासारखी उचकी लागेल. ती नृत्यसंगीतातली, टेपरेकॉर्डरची नव्हे.

अर्धासूर: क्रम बदलल्यावर लगेच फरक पडला. पण टेपचा वेग हलल्याचा इफेक्ट लावला की गिटार आणि आवाज एकमेकांपासून सुटतात.

हेडसफाई: तो प्रत्येक ट्रॅकवर वेगळा लावला असेल. एका टेपवरचे सगळे ट्रॅक एकाच मोटरवर हलतात, तेव्हा इफेक्ट मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे) एकदाच. आणि अगदी थोडा. सूर हलतोय हे पहिल्याच ऐकण्यात कळलं तर जास्त झाला.

शेवटचा_ट्रॅक: प्लगइनवर एवढा जीव टाकण्यापेक्षा दुरुस्तीची वाट बंद करा, हे माझं मत. जॉन्स्टनकडे सुरुवातीला कॅसेटची प्रत काढायची सोय नव्हती. कुणाला द्यायची तर अख्खा अल्बम तो पुन्हा गायचा. चार ट्रॅकच्या कॅसेटवरही तेच बंधन: पहिले तीन चौथ्यावर उतरवले आणि जागेसाठी पुसले, की त्यांचा समतोल कायमचा. प्रत्येक उतरवणीत वरच्या पट्टीतली धार कमी होते, म्हणून खंजिरी, झांज असलं काही आधी अडकवू नका, शेवटी घ्या.

घरात करून बघायचं तर क्लिक ट्रॅक (लयीसाठी कानात वाजणारी टिकटिक) नको, एकच माइक तोंड आणि गिटार यांच्या मधे, तोंडापासून दोनेक फुटांवर. तीन टेक (गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीनदा), त्यातला एक अख्खा निवडायचा, जोडकाम नाही. आवाज बुडत असेल तर फेडर (पातळी कमी-जास्त करायची पट्टी) नाही, माइकच वर सरकवा.

अर्धासूर: आणि शब्द चुकला तर?

शेवटचा_ट्रॅक: ठेवा. फक्त थांबून हसू नका. आउटसायडर संगीतकार जँडेकच्या 'रेडी फॉर द हाउस' अल्बमचं (१९७८) शेवटचं गाणं तर मधेच तुटतं, आणि नावातच 'अपूर्ण' लिहून ते तसंच छापलंय.