मदत हवी आहे: लग्नाच्या फोर-के एडिटिंगसाठी इंटेल की रायझन? आणि त्याला मदरबोर्ड कोणता?

गंगाखेड_एडिटर

नमस्कार मंडळी,

गंगाखेडला आमचा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे. शूटिंग पप्पा आणि धाकटा भाऊ बघतात, एडिटिंग सगळं माझ्याकडे. आता मशीन बदलल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि जो तो वेगळंच सांगतोय. म्हणून सविस्तर लिहिते.

सध्याचं मशीन: रायझन ३ २२००जी, ए३२० बोर्ड, डीडीआर४ ३२०० रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या, एनव्हीएमई एसएसडी, ४५० वॉटचा चांगला एसएमपीएस. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. सॉफ्टवेअर प्रीमियर प्रो.

जुन्या कॅमेऱ्यावर होतो तोवर याच मशीनवर निभावलं. आता सोनी ए७ फोर घेतलाय. चित्र सुंदर येतं, पण टाइमलाइनवर टाकलं की मशीन गुडघे टेकतं. अंतरपाट खाली येतो तो क्षण नेमका कापायचा असतो. आवाजात ‘सावधान’ होऊन वाजंत्री सुरू झालेली असते, आणि पडद्यावर अंतरपाट अजून वरच धरलेला. अंदाजाने कापायचं, एक्सपोर्ट करून बघायचं, पुन्हा सरकवायचं. एका लग्नाचं काम दुसऱ्या लग्नाच्या तिथीत घुसतं. जुन्या कॅमेऱ्याच्या क्लिप मात्र आजही याच मशीनवर बिनबोभाट चालतात, हे मला कळत नाही. दोन्हीही फोर-केच आहेत.

शिवाय विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि २२००जी हा विंडोज ११ च्या यादीत नाही.

तीन सल्ले मिळालेत. संभाजीनगरच्या दुकानाने रायझन ५ ७६००, ए६२० बोर्ड आणि १६ जीबी डीडीआर५ असं कोटेशन दिलं. भाऊ परभणीहून देवगिरी एक्सप्रेसने सिकंदराबादला जाऊन सीटीसी या कॉम्प्युटरच्या बाजारात विचारून आला, तिथे इंटेलचा आय५-१२४००एफ, एच६१० बोर्ड आणि जीटीएक्स १६५० कार्ड सांगितलं. गावातले दुरुस्तीवाले काका म्हणतात, बोर्ड तोच ठेव, बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ५ ५६००जी बसव, सगळ्यात स्वस्तात काम होईल.

रॅमचे भाव सध्या कुठे गेलेत ते तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे जुन्या पट्ट्या वापरता आल्या तर फार बरं. यूपीएस ६०० व्हीएचा आहे. एप्रिल-मेमध्ये लाइटीचा भरवसा नसतो आणि दुपारी एडिटिंगच्या खोलीत भट्टी असते. पैसे मर्यादित आहेत, पण चुकीचं स्वस्त घेऊन पुढच्या सीझनला पुन्हा खर्च नको.

कोणता प्रोसेसर घ्यावा, आणि त्याला कोणता बोर्ड?

---

रेणापूरकर

ताई, तिन्ही पर्याय चालू होतील, प्रश्न पुढचा आहे. इंटेलचं एलजीए १७०० सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, १२, १३ आणि १४ व्या पिढीवर संपलं. त्यानंतरचे कोअर अल्ट्रा २०० एलजीए १८५१ वर गेले. म्हणजे आज १२४०० घेतला तर पुढे त्याच बोर्डावर फार तर १४ व्या पिढीपर्यंत जाता येईल. रायझनवाल्या एएमडीने ७६०० च्या एएम५ सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही साथ देऊ असं जाहीर केलंय. तुमच्या बोर्डाच्या एएम४ ला तर त्यांनी किती वर्षं सांभाळलं बघा, तुमच्या ए३२० बोर्डावर ५००० मालिका बसू शकते ती त्यामुळेच. मी तर ७६०० घ्या म्हणेन. बोर्ड मात्र ए६२० ऐवजी बी६५० घ्या, पुढे मोठा प्रोसेसर टाकायचा तर बोर्डाची पॉवर बाजू दणकट हवी.

एएम५ ला फक्त डीडीआर५ लागते, जुन्या पट्ट्या तिथे बसणारच नाहीत. खाचेची जागाच वेगळी असते.

---

नांदेड_कटरूम

थांबा, प्रोसेसरवर बोलण्याआधी एक गोष्ट कळू द्या. जुन्या कॅमेऱ्याचं चालतं आणि नव्याचं अडकतं, यातच उत्तर दडलंय.

ताई, मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका. नव्या आणि जुन्या कॅमेऱ्याची एकेक क्लिप त्यात उघडा. व्हिडिओच्या रकान्यात तीन गोष्टी बघून इथे लिहा: फॉरमॅट, क्रोमा सबसॅम्पलिंग आणि बिट डेप्थ. कॅमेऱ्यात रेकॉर्डिंगचा प्रकार एक्सएव्हीसी एचएस ठेवलाय की एक्सएव्हीसी एस, तेही सांगा.

---

गंगाखेड_एडिटर

बघितलं. जुना कॅमेरा: एव्हीसी, ४:२:०, ८ बिट.
नवा कॅमेरा: एचईव्हीसी, ४:२:२, १० बिट. ५० फ्रेमवर असतो आणि सेटिंग एक्सएव्हीसी एचएस. भावाने काही क्लिप एक्सएव्हीसी एसमध्ये घेतल्यात, त्या एव्हीसी, ४:२:२, १० बिट दाखवतायत. त्या तर याहून जास्त अडकतात.

---

नांदेड_कटरूम

हेच वाटलं होतं. नीट सांगतो, कारण तिन्ही दुकानदारांनी तुम्हाला हे विचारलेलंच दिसत नाही.

एव्हीसी आणि एचईव्हीसी हे व्हिडिओ आवळून साठवायचे दोन प्रकार, आणि बिट म्हणजे रंगछटांची बारकाई. व्हिडिओत प्रत्येक पिक्सेलचा उजेड वेगळा साठवतात, रंग मात्र वाटून घेतात. ४:२:० मध्ये चार पिक्सेलमागे रंगाचा एक नमुना, ४:२:२ मध्ये दोन पिक्सेलमागे एक. हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल ग्रेडिंगमध्ये, म्हणजे रंग सुधारताना, ओढला तरी फाटत नाही तो त्यामुळे. तुमच्या कामाला ४:२:२ योग्यच आहे, ते बदलू नका.

अडचण ही की अशा फाइल उलगडायला ग्राफिक्सच्या भागात खास डीकोडर असावा लागतो. तो नसला की सगळं ओझं प्रोसेसरच्या कोअरवर पडतं. तुमचा २२००जी चार कोअर, चार थ्रेडचा, तो ५० फ्रेमच्या फोर-केपुढे टिकणारच नाही.

आता तुमचे पर्याय बघू. ५६००जी मधलं वेगा ग्राफिक्स १० बिट एचईव्हीसी उलगडतं, पण ४:२:० असेल तरच. ७६०० मधल्या ग्राफिक्सचंही तेच. जीटीएक्स १६५० देखील ४:२:२ उलगडत नाही, एनव्हीडियाकडे ते आरटीएक्स ५० मालिकेपासून आलं. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला मात्र ११ व्या पिढीपासून एचईव्हीसी ४:२:२ १० बिट येतं. याला क्विक सिंक म्हणतात. १२४०० मध्ये यूएचडी ७३० आहे, त्यात हा डीकोडर आहे.

आणि इथेच सीटीसीचं कोटेशन फसतं. १२४००एफ सांगितलाय. एफ म्हणजे ग्राफिक्स बंद केलेला. क्विक सिंक गेला, आणि त्याच्या जागी जे कार्ड दिलं त्याला ४:२:२ येत नाही. कार्डाचे पैसे देऊन अडचण तशीच राहणार.

म्हणून माझं मत: आय५-१२४००, बिना एफचा. सहा कोअर, बारा थ्रेड. कार्ड आत्ता घेऊच नका. ते पैसे रॅममध्ये घाला, फोर-केला १६ जीबी अपुरी पडते.

एक्सएव्हीसी एसच्या ज्या क्लिप आहेत त्या एच.२६४ मधल्या, म्हणजे एव्हीसीतल्याच, ४:२:२ आहेत, त्या या ग्राफिक्सलाही उलगडता येत नाहीत. त्यांच्यासाठी प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, करा. आणि भावाला सांगा, ४:२:२ घ्यायचं तर एचएसमध्येच घे.

---

रेणापूरकर

हा मुद्दा पटला. फाइलचा प्रकार माहीत नव्हता तेव्हा मी एएम५ म्हणालो, कारण गेमिंग, कोडिंग, थ्रीडी यांत तेच म्हणालो असतो. पण माझी एक शंका आहे. इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीचे प्रोसेसर खराब होण्याचा प्रकार गाजला होता, त्याचं काय? ताईंनी पुढे त्याच बोर्डावर वरचा प्रोसेसर टाकायचं ठरवलं तर?

---

नांदेड_कटरूम

१२४०० चा त्याच्याशी संबंध नाही, तो १२ व्या पिढीचा. तो प्रकार १३-१४ व्या पिढीतल्या वरच्या चिप्सचा होता: १३६००के, १४६००के आणि त्यावरचे आय७, आय९. चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागायची. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड (चिपसाठीचे दुरुस्ती अपडेट) काढले आणि त्या चिप्सची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पुढे कधी त्यातला घेतलाच तर आधी बोर्डाचा बायोस ताजा करायचा, मग चिप बसवायची.

---

जालना_पॉवर

मी इन्व्हर्टर-यूपीएसच्या कामात आहे, प्रोसेसरचं तुम्ही ठरवा, मी लाइटीचं सांगतो.

६०० व्हीए यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट. १२४०० जोर लावून ११७ वॉटपर्यंत जातो, ७६०० साधारण ८८ वर थांबतो. वेगळं कार्ड नसेल तर मॉनिटरसकट दोन्ही त्या यूपीएसवर बसतात. पण तो काही मिनिटंच, फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरता. एक्सपोर्ट चालू असताना लाइट गेली तर घरच्या इन्व्हर्टरचा आधार लागतो. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड असं बटण असतं, ते यूपीएस मोडवर करा. नाहीतर लाइट जाता-येताना मशीन रिस्टार्ट व्हायलंय म्हणून बोर्डाला दोष देत बसाल.

अजून एक, आपल्याकडे हे कुणी बघतच नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला उलटा हात लावून बघा. झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाही. नवा बोर्ड बसवायच्या आधी वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या. हार्ड डिस्क लावता-काढता यूएसबी पोर्ट जळालेली मशीन माझ्याकडे लई येतात, त्यातल्या बऱ्याच घरांत अर्थिंगचा पत्ता नसतो.

उन्हाचं म्हणाल तर खोलीच चाळिशीला टेकली की प्रोसेसरच्या डब्यातला कूलर धापा टाकतो. चार पैसे जास्त घालून मनोऱ्यासारखा उभा एअर कूलर घ्या. कॅबिनेटला पुढून हवा आत, मागून बाहेर. मशीन जमिनीवर ठेवू नका, आपल्याकडची धूळ पंख्यात जाऊन चिकटते.

---

गंगाखेड_एडिटर

तुम्ही सगळ्यांनी किती नीट समजावलंत! झिणझिण्या येतात, खरंच येतात, आणि आम्ही ते असंच असतं म्हणून सोडून दिलं होतं. उद्याच वायरमनला बोलावते.

१२४०० नक्की करते. आता बोर्ड सांगा. दुकानदार म्हणतो एच६१० वरही चालतो, मग बी७६० चे जादा पैसे कशाला?

---

नांदेड_कटरूम

चालतो, यात खोटं नाही. पण एच६१० वर रॅमला दोनच स्लॉट. तुमच्या ८-८ च्या दोन पट्ट्या बसल्या की जागा संपली. ३२ जीबी करायची तर त्या काढून नव्या १६-१६ घ्याव्या लागतील, म्हणजे जुन्या रॅमची बचत गेलीच. चार स्लॉटच्या बी७६० वर जुन्या दोन राहू द्या, तशाच वेगाच्या ८-८ च्या आणखी दोन घाला. बोर्डाच्या किमतीतला फरक तिथेच भरून निघतो. दुसरं म्हणजे एसएसडी. एच६१० वर एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची खाच) बहुधा एकच आणि तोही कमी वेगाच्या पीसीआयई ३ चा. फुटेज एका एसएसडीवर आणि विंडोज दुसऱ्यावर ठेवायचं तर दोन स्लॉट हवेत.

खरेदी करताना सगळ्यात जपायची गोष्ट: बी७६० बोर्ड डीडीआर४ चे वेगळे आणि डीडीआर५ चे वेगळे येतात, आणि नाव जवळपास सारखं असतं. गिगाबाइटचा बी७६०एम डीएस३एच दोन्ही प्रकारांत आहे. तुम्हाला हवा तो ‘बी७६०एम डीएस३एच डीडीआर४’. खोक्यावर शेवटचं डीडीआर४ दिसलं तरच घ्या.

प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच घ्या, त्यावर तीन वर्षांची कंपनी वॉरंटी असते. ट्रेमधला सुटा प्रोसेसर स्वस्त सांगतील, त्यावर बहुतेक वेळा दुकानाचीच वॉरंटी असते. आणि सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण दुकानातच उघडून पिना बघून घ्या. एलजीएमध्ये पिना बोर्डावर असतात, वाकलेल्या निघाल्या तर नंतर कुणी ऐकून घेत नाही.

---

गंगाखेड_एडिटर

भाऊ पुन्हा सीटीसीला गेला होता. मिळाला. खोक्यावर डीडीआर४ आहे, पिनांचा फोटो त्याने मला पाठवला, सगळ्या सरळ दिसतायत. प्रोसेसर खोक्यातला, नुसता १२४००. बिलावर दोन्हींचे सीरियल नंबर लिहून घेतलेत.

प्रीमियरमध्ये क्विक सिंक आपोआप लागतो का?

---

नांदेड_कटरूम

आधी इंटेलच्या साइटवरून ग्राफिक्सचा ताजा ड्रायव्हर टाका, विंडोजने स्वतः टाकलेल्यावर राहू नका. मग प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेस, तिथे मीडिया, आणि हार्डवेअर डीकोडिंगच्या खाली इंटेलवर खूण आहे का बघा. प्रीमियर बंद करून पुन्हा उघडा. क्लिप चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख वर चढला की समजा लागला.

पुढे कधी आरटीएक्स कार्ड घातलंत तर बोर्ड आतलं ग्राफिक्स बंद करू शकतो. बायोसमध्ये जाऊन इंटर्नल ग्राफिक्स ‘एनेबल्ड’ करून ठेवा.

---

गंगाखेड_एडिटर

लागला! आलेख चढतोय, कोअर निवांत आहेत. ५० फ्रेमची क्लिप पूर्ण वेगाने चालतेय. एक्सएव्हीसी एसवाल्या क्लिप अडकतात, त्यांच्या प्रॉक्सी रात्री लावून ठेवते. अर्थिंगचा खड्डा खणून झालाय, आता झिणझिण्या नाहीत. रॅमच्या दोन पट्ट्या राहिल्यात, त्या भाव जरा उतरला की.

---

रेणापूरकर

रॅमसाठी फार थांबू नका ताई. डेटा सेंटरची मागणी आहे आणि कंपन्यांचा कल डीडीआर५ कडे आहे, डीडीआर४ मागे पडत चाललीय. तुमच्या पट्ट्यांवरच्या स्टिकरचा फोटो इथे टाका, त्याच मॉडेलच्या मिळतात का ते लातूरमध्ये विचारून सांगतो.