नेब्रास्काला जावं का? मक्याशिवाय तिथे आहे काय?

ओवी_नाशिककर

नमस्कार मंडळी. नवऱ्याला नेब्रास्कात लिंकनला नोकरी मिळतेय. आत्तापर्यंत आम्ही टेक्सासात, डॅलसजवळ होतो. ज्याला सांगावं तो आधी हसतो, मग विचारतो, "तिथे कोण राहतं?" इंटरनेटवर शोधलं तर मक्याची शेतं, गाई आणि वॉरन बफे एवढंच दिसलं. आम्ही शाकाहारी, मुलगी चार वर्षांची. थंडीची धास्ती आहेच. पण खरा प्रश्न वेगळा आहे. त्या राज्याला स्वतःचं असं काही आहे का, की पाच वर्षं नुसती काढायची? तिथे राहिलेल्या कुणीतरी सांगा, गुगल मी करून बसलेय.

चिवडा_इलिनॉय

एकदा शिकागोहून डेन्व्हरला गाडीने गेलो होतो. नेब्रास्का लागला तेव्हा बायको झोपली. चार तासांनी उठली तेव्हाही नेब्रास्काच होता आणि खिडकीबाहेर तोच मका. माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच आहे.

बांधावरचा

चिवडासाहेब, आमच्या राज्याचा तुम्ही फक्त जिना पाहिलात आणि घर बघितलं म्हणताय.

ओवीताई, मी कर्नीजवळ अकरा वर्षं आहे. मूळचा जत तालुक्यातला, सांगली जिल्हा. तिथली शेती कशी असते ते वेगळं सांगायला नको. वडिलांनी सात बोअर मारले, त्यातले पाच कोरडे. शेती अभियांत्रिकी शिकलो आणि फिरत फिरत इथे आलो. नोकरी पिव्हट दुरुस्त करण्याची. पिव्हट म्हणजे काय ते पुढे सांगतो, कारण ते कळल्याशिवाय हे राज्य कळत नाही.

आधी सपाटपणाचा निकाल लावू. हायवे ८० सपाट दिसतो, कारण तो प्लॅट नदीच्या काठाने जातो. १८४०च्या दशकापासून ओरेगॉनकडे निघालेले बैलगाड्यांचे तांडे याच काठाने गेले, १८६०च्या दशकात युनियन पॅसिफिकने रूळ याच काठाने टाकले आणि शंभर वर्षांनी हायवेही तिथूनच नेला. ज्याने त्याने सगळ्यात सपाट वाट शोधली. त्या वाटेवरून जायचं आणि राज्य सपाट आहे म्हणून तक्रार करायची, याला काय म्हणावं? लिंकन ते ग्रँड आयलंड मात्र ७२ मैल रस्ता सुतासारखा सरळ आहे, तिथे झोप येते हे कबूल. नावातही तेच आहे. ओटो या इथल्या मूळ जमातीच्या भाषेतल्या 'सपाट पाणी' या शब्दांवरून नेब्रास्का झालं आणि फ्रेंचांनी नदीला दिलेल्या 'प्लॅट' या नावाचा अर्थही सपाटच.

आता हायवे सोडा आणि ग्रँड आयलंडहून २ नंबरचा रस्ता धरून वायव्येला जा. दीड-दोन तासांत सँडहिल्स सुरू होतात. राज्याचा जवळजवळ चौथा हिस्सा वाळूच्या टेकड्यांचा आहे. पृथ्वीच्या पश्चिम गोलार्धात वाळूच्या टेकड्यांचा एवढा मोठा प्रदेश दुसरा नाही. पण वाळू दिसत नाही, वर गवत आहे. पाऊस पडला की वाहून जात नाही, वाळूत मुरतो. दोन टेकड्यांच्या खोलगटात तळी दिसतात, ती वरून भरलेली नसतात. खालचं भूजलच तिथे डोकं वर काढतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी गाडी थांबवून बांधावर बसलो होतो. जतच्या माणसाला ते बघवत नाही हो.

या खालच्या पाण्याला ओगालाला म्हणतात. साउथ डकोटापासून तुमच्या टेक्सासपर्यंत आठ राज्यांखाली ते पसरलंय, पण त्यातलं जवळजवळ दोन तृतीयांश पाणी एकट्या नेब्रास्काखाली आहे. टेक्सासकडे ते झपाट्याने उपसलं गेलं. इथे बऱ्याच भागात अजून टिकून आहे.

आता पिव्हट. विमानातून खाली हिरवी वर्तुळं दिसतात ना, ती याची. शेताच्या मध्यावर बोअर, त्याला जोडलेली तेराशे फूट लांब पाइप, ती चाकांच्या मनोऱ्यांवर उभी. ती घड्याळाच्या काट्यासारखी फिरत पाणी शिंपडते. गंमत अशी की सगळे मनोरे एकदम चालत नाहीत. सगळ्यात बाहेरचा आधी पुढे सरकतो. त्याच्यामुळे पाइपच्या जोडावर किंचित कोन पडला की तिथलं बोटभर बटण दाबलं जातं आणि आतल्या मनोऱ्याची मोटर सुरू होते. तो सरकला की त्याच्या आतला. माझी निम्मी नोकरी त्या बटणात गेली. एखादं अडकलं की एक मनोरा पुढे आणि एक मागे, मग सगळी पाइप अळीसारखी वाकते. रात्री दोनला शेतकऱ्याचा फोन येतो. १६० एकरांच्या चौकोनात वर्तुळ बसतं साधारण १३० एकरांचं, चारही कोपरे कोरडे राहतात. विमानातून ते तपकिरी कोपरे बघा.

हे यंत्र फ्रँक झायबॅक नावाच्या शेतकऱ्याने काढलं, पेटंट १९५२ सालचं. त्याचे हक्क ओमाहाजवळच्या व्हॅली गावातल्या रॉबर्ट डॉहर्टीने घेतले आणि पुढे ते जगभर गेलं. राज्याच्या पूर्व टोकाला वर्षाला साधारण ७५० मिलिमीटर पाऊस आहे, पश्चिम टोकाला त्याच्या निम्मा. तिकडे मका उभा राहतो तो या यंत्रावर. आणि हा मका तोडून भाजायला घेऊ नका, दात दुखतील. तो गुरांना आणि इथेनॉलला जातो. राज्यात माणसं २० लाखांच्या आसपास, एकट्या नागपूर शहराहून कमी. गुरं ६० लाखांच्या वर.

ओवी_नाशिककर

बाप रे, काका, एवढं कुणी सांगितलं नव्हतं! पण मग सगळ्यांनी बोअर मारले तर पाणी संपत नाही? आमच्याकडे द्राक्षवाल्यांनी काय केलंय ते माहितीये ना.

बांधावरचा

हाच प्रश्न हवा होता.

१९७२पासून इथे पाण्या-मातीचे जिल्हे आहेत, सध्या २३. त्यांच्या हद्दी कलेक्टरने आखलेल्या नाहीत, नदीच्या खोऱ्याप्रमाणे आहेत. मंडळावर लोक निवडून दिलेली माणसं बसतात, बहुतेक शेतकरीच. मंडळाला कर लावायचा अधिकार आहे आणि विहिरीवर मीटर बसवायचाही. रिपब्लिकन नदीच्या खोऱ्यात तर काही वर्षांचं पाणी मिळून ठरवून देतात, इंचात, म्हणजे शेतभर पसरलं तर किती इंच भरेल तेवढं. एका वर्षी जास्त ओढलं तर पुढच्या वर्षी हात आखडता घ्यायचा. मी तिथल्या एका मंडळाच्या बैठकीला बसलोय. एक म्हातारा उठून दुसऱ्याला नाव घेऊन म्हणाला, तुझा मीटर बंद आहे, सगळ्या गावाला माहितीये. दुसरा काही बोलला नाही. नंतर दोघं बाहेर कॉफी पीत उभे होते.

हे सगळं साधुपणाने झालेलं नाही. त्या नदीच्या पाण्याचा १९४३ सालचा करार आहे, कोलोरॅडो, नेब्रास्का आणि कॅन्सस यांच्यात. विहिरींमुळे नदी आटते आणि आमचा वाटा कमी होतो म्हणून कॅन्ससने खटला भरला. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने नेब्रास्काला ५५ लाख डॉलर भरायला सांगितले. विहिरीतलं पाणी आणि नदीतलं पाणी एकच, हे असं पैसे मोजून पचलं.

वाईटही सांगतो. मक्याला घातलेलं नत्रखत वाळूतून खाली उतरतं. मी गावाबाहेर पहिलं घर घेतलं, विहीर अंगणातच. कौतुक म्हणून पाणी तपासायला पाठवलं तर नायट्रेट निघालं लिटरला १७ मिलिग्रॅम. मर्यादा १० ची आहे, आणि तीसुद्धा गावच्या नळाला लागू, खासगी विहिरीला नाही. बायको तेव्हा गरोदर होती. त्या आठवड्यात सिंकखाली आरओ बसला. तुम्ही शहरात राहणार, लिंकनचं पाणी अ‍ॅशलंडजवळच्या विहिरींतून येतं आणि तपासलेलं असतं. पुढेमागे बाहेर एकरभर जागा घ्यायचा मोह झाला तर आधी बाटली भरून प्रयोगशाळेत, मग सही.

विजेबद्दलही सांगतो, कारण आमच्याकडे पंप आणि वीज हे नवरा-बायको आहेत. या राज्यात वीज देणारी एकही नफेखोर खासगी कंपनी नाही. सगळी सार्वजनिक मंडळं नाहीतर सहकारी संस्था. अमेरिकेत असं हे एकमेव राज्य. आणि बिल महावितरणपेक्षा वेळेवर येतं.

शेंगदाणा_चटणी

बांधावरचा यांनी शेती सांगितली, मी ओमाहाचा संसार सांगते. सात वर्षं झाली. लिंकनहून तासाभराचा रस्ता. मराठी कुटुंबं आहेत, देऊळ आहे, वाणसामान मिळतं. थंडी कोरडी आणि वाऱ्याची. डॅलसचा कोट तिथेच कुणाला तरी देऊन या. उन्हाळ्यात वादळाचे भोंगे. चाचणीचा भोंगा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी मुलाला घेऊन तळघरात जाऊन बसले आणि शेजारीण बाहेर झाडांना पाणी घालत होती. चाचणी महिन्याच्या पहिल्या बुधवारी असते, लक्षात ठेवा.

खाण्यात इथला मानाचा पदार्थ रुन्झा. रशियातून आलेल्या जर्मन लोकांनी आणलेला, पावात भरलेलं बीफ आणि कोबी. आपल्याला नाही चालत. शाळेत मुलांना चिली, म्हणजे राजम्यासारखा तिखट रस्सा, आणि दालचिनीचा गोड रोल एकाच ताटात देतात, एकात बुडवून दुसरं खातात! मी नाकं मुरडली होती, आता राजमा करते तेव्हा मुलगा रोल मागतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. लिंकनला गणपतीचा कार्यक्रम ठरवाल तर आधी फुटबॉलचं वेळापत्रक बघा. इथल्या विद्यापीठाच्या मेमोरियल स्टेडियमची तिकिटं १९६२पासून प्रत्येक सामन्याला संपलेली आहेत. सामन्याच्या दिवशी त्या स्टेडियममध्ये ओमाहा आणि लिंकन सोडून राज्यातल्या कुठल्याही गावापेक्षा जास्त माणसं असतात. एका शनिवारी मी लिंकनच्या मैत्रिणीकडे एकवीस मोदक घेऊन निघाले, तर शेवटच्या दोन मैलांना सव्वा तास. चारी बाजूंनी लाल शर्ट. आरती होऊन गेली होती.

चिवडा_इलिनॉय

बरं, माघार. पण इतिहास? तांडे आले आणि पुढे गेले, एवढाच ना?

बांधावरचा

तांडे जायच्या आधी इथे माणसं होती, साहेब. पॉनी, ओमाहा, ओटो, पाँका.

पाँकांचं सांगतो. १८७७ साली सरकारने त्यांना नायोब्रारा नदीकाठच्या गावांतून उठवून दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात नेलं. तिथे तापाने माणसं मेली. त्यांचा एक प्रमुख, स्टँडिंग बेअर, त्याचा मुलगा मेला. मुलाला आपल्या नदीकाठी पुरायचं म्हणून १८७९च्या जानेवारीत तो तीसेक माणसं घेऊन मुलाच्या अस्थींसकट बर्फातून उत्तरेला निघाला. वाटेत लष्कराने पकडून ओमाहाच्या तळावर आणलं. ज्या जनरल क्रुकने पकडलं त्यालाच ते पटत नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं. सरकारी वकिलाचं म्हणणं असं की हे लोक कायद्याच्या भाषेत 'व्यक्ती' नाहीत, म्हणून त्यांना दाद मागता येत नाही. १२ मे १८७९ला न्यायाधीश एल्मर डंडीने निकाल दिला की व्यक्ती आहेत, सोडा त्यांना. माणूस माणूस आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागलं. आज वॉशिंग्टनच्या कॅपिटलमध्ये नेब्रास्काच्या वतीने त्याचा पुतळा उभा आहे, २०१९पासून.

लिंकनलाच राहणार आहात तर विधानभवन बघाच. आपल्या डोक्यातल्या विधानभवनाला घुमट असतो, इथे चारशे फुटी मनोरा आहे आणि टोकाला पेरणी करणाऱ्या माणसाचा पुतळा. आत एकच सभागृह, १९३७पासून. सभासद ४९, मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नाही. दोन सभागृहं हवीतच कशाला, म्हणून एक बंद करून टाकलं. आपल्याकडे ज्यांना आमदारकी द्यायची राहून जाते त्यांची इथे फार पंचाईत झाली असती.

ओवी_नाशिककर

नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो, हो कळवून टाकू. फेब्रुवारीअखेर सामान हलेल. काका, लेकीला सगळ्यात आधी काय दाखवू?

बांधावरचा

फेब्रुवारीअखेर म्हणजे मुहूर्त साधलात. मार्चमध्ये क्रौंच येतात, सँडहिल क्रेन. दक्षिणेकडून उत्तरेला जाताना कर्नीच्या आसपास प्लॅटच्या सुमारे ऐंशी मैलांत बहुतेक सगळे उतरतात. पाच लाखांच्या वर, अलीकडे त्याहूनही जास्त मोजलेत. दिवसभर शेतात सांडलेला मका वेचतात, रात्री नदीच्या उथळ पाण्यात उभ्याने झोपतात, म्हणजे कोल्हा आला तर पाणी वाजतं. वरच्या धरणांनी पूर अडवले, तशी पात्रात झाडं माजली आणि त्यांची जागा आकसली. म्हणून आता दरवर्षी यंत्रं घालून वाळूची बेटं साफ करतात.

गिबनजवळ रो अभयारण्यात लाकडी आडोसे आहेत, आधी नाव नोंदवावं लागतं. एवढ्या लहान मुलांना आडोशात घेत नाहीत, तेव्हा लेकीला संध्याकाळी पुलावरून दाखवा, तिथून थवे उतरताना छान दिसतात. तुम्ही दोघं आळीपाळीने पहाटे जा, पोरीला आमच्याकडे झोपवा, बायको आहे. पहाटे पाचला निघायचं, लोकरीचे मोजे दोन घालायचे, मोबाइल बंद. डबा आणलात तर चिवडा आणू नका, कुरकुर वाजतो. धपाटे चालतील.