विहीर-बोअरवाल्या घरात नळाला जोर कसा आणलात?

पंप चालतो, टाकी भरते, आणि शॉवरखाली करंगळीएवढी धार! तुमच्याकडे कशाने फरक पडला ते लिहा, पैसे कुठे वाया गेले तेही. आधी गणित: १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब. टाकी शॉवरच्या ३ मीटर वर असेल तर ०.३ बारच मिळणार, मग विहिरीवरची मोटर कितीही एचपीची असो.

गुहागर: आमची विहीर खोल. मे महिन्यात टाकी भरता भरत नसे. मिस्त्री म्हणाला, एकचा काढा, दीड एचपीचा बसवा. शेजारच्या काकांनी अडवलं. पाणी पंपाच्या सात-आठ मीटर खाली गेलं की वरून ओढणारा कुठलाच पंप नीट ओढत नाही, हवेचा दाबच तेवढं पाणी वर ढकलतो. म्हणून तोच मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला) विहिरीत खाली लोखंडी चॅनेल टाकून त्यावर बसवला. फूटव्हॉल्व्हमधला, म्हणजे ओढपाइपाच्या तळाच्या झडपेतला, गाळही काढला. टाकी आता वेळेत भरते. पण शॉवर? तो होता तिथेच!

सांगली: कारण टाकीतून निघणारा पाइप. आमचा वरपासून खालपर्यंत अर्धा इंची होता. मुख्य लाइन सव्वा इंची केली, नळाजवळचे तुकडे तेवढे अर्धा इंची ठेवले. टाकीच्या तोंडाशी एअर व्हेंट, म्हणजे हवेसाठी वर उघडा पाइप, उभा केला. दोन नळ एकदम सोडले तरी आता धार मरत नाही.

सिन्नर: बोअरचं जड पाणी असेल तर आधी नळाची जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये टाका. मग खर्चाचं बोला.

न्यू हॅम्पशायर: आमच्याकडे गच्चीवरची टाकी नाही, तळघरात प्रेशर टँक आहे, म्हणजे बंद टाकी, आतली दाबलेली हवाच पाणी नळाकडे ढकलते. ४० पीएसआयला (हे दाबाचं माप) पंप सुरू, ६० ला बंद. आमचा मात्र सारखा टकटक चालू-बंद व्हायचा आणि शॉवरची धार वरखाली. पंप बंद करून, टँक पूर्ण रिकामा करून हवा मोजली, तर फारच कमी. ती ३८ हवी, म्हणजे सुरू होण्याच्या आकड्यापेक्षा २ ने कमी. सायकलच्या पंपाने भरली. दमलो, पण फुकटात काम झालं!

नाशिक: टाकीतून नळाकडे पाणी जोराने ढकलणारा प्रेशर पंप घेणाऱ्यांनो, सोलर वॉटर हीटर असेल तर आधी विचारून घ्या. साध्या सोलरच्या टाकीला दाब चालत नाही, आमच्या व्हेंट पाइपातून गच्चीभर पाणी उडालं. सोलरची लाइन पंपाच्या आधीच वेगळी काढावी लागली.